आईच्या दंडावरचा शुगर सेन्सर: १४ दिवस वापरून बघितला

आईला डायबेटिस होऊन १८ वर्षं झाली, वय ७१, राहायला कोथरूड. रोज सकाळी बोट टोचायचं, ११०-१२० आली की वहीत लिहायची आणि दिवसभर निवांत. पण तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c, ती टक्क्यांत येते) दरवेळी ८ च्या वरच. शेवटी डॉक्टरच म्हणाले एकदा दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावून बघा.

लावताना काही दुखत नाही, तासाभरात मोबाइलवर आकडे सुरू, अंघोळही चालते. फक्त हा रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो, जेवल्या जेवल्या बोट टोचायच्या मशीनशी ताडून बघाल तर जुळणार नाही. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं आणि उगाच घाबरलो.

पहिले चार दिवस मात्र वाया गेले आणि चूक माझीच. अ‍ॅप माझ्या फोनवर, त्यामुळे मी ऑफिसमधून सारखी फोन करायचे, आई २१० झालीये, काय खाल्लंस? पाचव्या दिवशी ती चिडून म्हणाली, माझ्या दंडावर काय पोलीस चौकी बसवलीय का तुम्ही? मग अ‍ॅप तिच्याच फोनवर टाकलं. तिथून खरी मजा सुरू झाली. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दीड तासात ११८ वरून २४६. ग्राफवर बोट ठेवून मला दाखवते, अगं हा बघ सिंहगड, आणि मी तर उपास केला होता! १८ वर्षं आम्ही सगळे सांगत होतो तेव्हा ऐकलं नव्हतं, आता खिचडी अर्धी वाटी, सोबत दही, आणि खाऊन झाल्यावर सोसायटीत पंधरा मिनिटं चक्कर, हे सगळं तिचं तिनेच ठरवलं. पुढच्या वेळी १८५ च्या वर गेली नाही.

आता तक्रार. अ‍ॅप पूर्ण इंग्रजीत, लॉगिनला ईमेल पासवर्ड, अक्षर बारीक. वापरणारा पेशंट ७० चा असू शकतो हे यांच्या डोक्यात आलंच नाही का? एका रात्री पावणेतीनला अलार्म, शुगर ५४, सगळं घर जागं, बोट टोचलं तर ११२! कस्टमर केअरवाले म्हणे सेन्सर बदला. डॉक्टरांनी सांगितलं की सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्याने तो दाबला जातो आणि आकडा खोटा खाली दिसतो. ही एक ओळ अ‍ॅपमध्ये मराठीत लिहायला काय जातं? (घाम, थरथर वाटत असेल तर मात्र तपासत बसू नका, आधी साखर द्या.)

स्वस्त नाहीये, दर १४ दिवसांनी नवा आम्हाला परवडणार नाही आणि डॉक्टरही म्हणाले आईला सतत लागणार नाही. रिपोर्टमध्ये ७० ते १८० च्या मध्ये दिवसातला किती वेळ गेला ते येतं, बहुतेकांना ७० टक्के हवं, वयस्कर नाजूक लोकांना ५० च्या वर चालतं. आईचं ५२ आलं. डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली तर हीच त्यांना एकेक डोंगर समजावून सांगत होती, हा खिचडीचा, हा लग्नातल्या जिलबीचा.

वहीत आता आकड्याशेजारी काय खाल्लं तेही लिहिते. तीन महिन्यांनी परत लावणार आहोत, पण डाव्या दंडाला, ती उजव्या कुशीवर झोपते.