गॉब्लिन शार्क की कुकीकटर? माझं मत कुकीकटरला

आमच्या भुसावळपासून समुद्र लांब, तरी भाचीला विज्ञान प्रदर्शनात खोल समुद्रातलाच शार्क मांडायचाय. गॉब्लिन 1898 मध्ये जपानमधून नोंदला गेला, नाक लांब चपटं, भक्ष्य जवळ आलं की जबडाच पुढे फेकतो, सेकंदाला 3 मीटरच्या आसपास वेगानं. मॉडेल भारी दिसेल, खरंय. पण कुकीकटर बघा ना, जेमतेम अर्धा मीटरचा, पोट हिरवट चमकतं, दिवसा हजारेक मीटर खाली नि रात्री वर येतो, ट्यूना काय देवमासा काय, अंगाला ओठांनी चिकटून गर्रकन फिरतो आणि वाटीनं पुरी कापावी तसा गोल लचका काढतो, 1970 च्या दशकात तर अमेरिकन पाणबुड्यांच्या रबरालाही चावलेत हे! खालच्या दातांची अख्खी रांग एकदम पडते, तीही गिळून टाकतो. भाचीला सांगितलंय, हाच घे.