‘२०१४ची’ म्हणून आमच्या गळ्यात मारलेली २०१५ची गाडी

मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे ओढून नेण्यासाठी घेतलेल्या जुन्या होंडा सीआर-व्हीच्या व्यवहारात आम्ही कर वगळून २०,५१० डॉलर मोजले. त्यांपैकी आजवर फक्त १,००० डॉलर परत मिळाले आहेत आणि ती गाडी घरासमोर उभी आहे, गिअर टाकला तरी जागची हलत नाही. हे लिहायला मला पाच महिने लागले, कारण नातेवाइकांत आणि मित्रांत यंत्रांतले कळणारा माणूस म्हणून माझी ओळख आहे आणि फसलो तो नेमका त्याच बाबतीत. तरीही लिहितो आहे, कारण अमेरिकेत निवृत्तीनंतर मोटारहोम घेऊन फिरणारी मराठी कुटुंबे आता बरीच आहेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर फिरायला मागे एक छोटी गाडी हवी, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच.

आम्ही घाईने निर्णय घेतला, असे कोणी म्हणू नये. गाडी मागे नेण्याचे तिन्ही प्रकार आम्ही दोन महिने तपासत होतो. ट्रेलरवर संपूर्ण गाडी चढवणे सर्वांत निर्धोक, कारण गाडीचे एकही चाक रस्त्यावर फिरत नाही. पण आमच्या मोटारहोमच्या हिचची, म्हणजे मागे ओढण्यासाठीच्या जोडाची, क्षमता ५,००० पौंड आहे, सुमारे २,००० पौंडांचा ट्रेलर आणि त्यावर ३,५०० पौंडांची गाडी म्हणजे हिशोब तिथेच संपत होता. टो डॉली या दोन चाकी छोट्या गाड्यावर गाडीची पुढची दोन चाके चढतात आणि मागची दोन रस्त्यावर राहतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ते चालते, परंतु प्रत्येक मुक्कामाला पट्टे सोडायचे, डॉली कुठेतरी लावायची आणि निघताना पुन्हा सगळे बांधायचे, हे माझ्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. उरला तिसरा प्रकार, चारही चाके जमिनीवर ठेवून टो बारने, म्हणजे दोन्ही गाड्यांना जोडणाऱ्या दांड्याने, ओढण्याचा. यात जोडणे आणि सोडणे काही मिनिटांचे काम असते, पण प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांचे इंजिन बंद असले की गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद राहतो, चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि ते तेलाविना झिजून जळतात.

जुन्या होंडा सीआर-व्हीला मोटारहोमवाल्यांत मागणी का आहे, हे ज्यांनी शोध घेतला आहे त्यांना ठाऊक असेलच. २०१४च्या मॉडेलपर्यंत त्या गाडीत नेहमीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक होता आणि ती चारही चाकांवर कशी ओढायची याची रीत कंपनीने गाडीसोबतच्या पुस्तकातच दिली होती. २०१५च्या मॉडेलपासून सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ती सोय संपली. कंपनीचा यात काहीच दोष नाही, तिने ते पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. एका वर्षाच्या या फरकावर विक्रेत्याने आपले दुकान मांडले आहे.

जाहिरातीत ‘२०१४ बिल्ट, टो करण्यास तयार’ असे शब्द होते. ‘मॉडेल’ हा शब्द कुठेच नव्हता, हे आज कळते. गाडीची किंमत १५,८५० डॉलर, टो बार अडकवायची बेस प्लेट, टो बार, दिव्यांचे वायरिंग आणि मागच्या गाडीचे पूरक ब्रेक मिळून ४,२७५ डॉलर आणि कागदपत्रांचे शुल्क ३८५ डॉलर. बर्फात उपयोगी पडेल म्हणून चारही चाकांना जोर देणारीच गाडी घ्या, असा विक्रेत्याचा आग्रह होता. त्या आग्रहाने पुढे डॉलीचा मार्गही बंद झाला, कारण अशा गाडीची मागची चाके रस्त्यावर फिरवत नेता येत नाहीत.

आता त्या दुपारबद्दल. विक्रेत्याने ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले आणि खांबावरच्या लेबलकडे बोट दाखवले. त्यावर धूळ होती. ती मी स्वतः रुमालाने पुसली आणि ‘११/१४’ हे आकडे वाचून मला आनंद झाला. नोव्हेंबर २०१४ हा गाडी तयार झाल्याचा महिना होता. पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच कारखान्यातून बाहेर पडू लागते, ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही, त्या क्षणी ती मनात आली नाही इतकेच. मग त्याने इंजिन सुरू केले, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवली, ‘डी’मध्ये म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये पाच सेकंद धरली, ‘एन’मध्ये म्हणजे न्यूट्रलमध्ये आणली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत पूर्ण तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग बंद केले. ही २०१४च्या पुस्तकातली हुबेहूब रीत आहे. मी ती आधीच वाचून पाठ केली होती, त्यामुळे त्याला ती येते हे पाहून माझा सगळा संशय गळून पडला. जो माणूस अज्ञानी असतो त्याच्याबाबत आपण सावध राहतो. इथे समोरच्याला सगळे बारकाईने माहीत होते आणि त्याच माहितीच्या जोरावर त्याने मला बांधले.

माझी पत्नी म्हणाली, “अहो, आधी गाडीचे पुस्तक बघूया.” डॅशबोर्डच्या कप्प्यात पुस्तक नव्हते. विक्रेत्याने टेबलाच्या खणातून स्टेपल केलेल्या चार झेरॉक्स पानांचा गठ्ठा काढून दिला. मजकूर बरोबर होता, ताशी ६५ मैलांची मर्यादाही त्यात होती. पण प्रत्येक पानाचा खालचा समास कात्रीने कापलेला होता आणि काप सरळही नव्हता. मी त्या वाकड्या कडेवरून अंगठा फिरवला होता, ते मला आजही आठवते. कोणी झेरॉक्सचा तळ कशासाठी कापेल, हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर आज हे लिहिण्याची वेळ आली नसती. कंपनीच्या संकेतस्थळावर मूळ पुस्तक फुकट मिळते, खिशात फोन होता आणि काम पाच मिनिटांचे होते.

त्याहूनही जिव्हारी लागते ती पुढची गोष्ट. विक्रीच्या कागदावर वर्षाच्या रकान्यात ‘२०१५’ लिहिलेले होते आणि ते माझ्या नजरेला आले. मी विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, “ते नोंदणीचे वर्ष आहे, गाडी कधी बनली ते तुम्ही आत्ताच वाचलेत.” मी मान हलवली आणि सही केली. पत्नी माझ्याकडे पाहत होती, पण परक्या माणसासमोर मला खोडून काढायचे नाही म्हणून ती गप्प राहिली. गाडीचे मॉडेल वर्ष ओळखायला कोणाच्याही शब्दाची गरज नसते. काचेतून दिसणाऱ्या व्हीआयएनमधले, म्हणजे गाडीच्या १७ अक्षर-आकड्यांच्या ओळख क्रमांकातले, दहावे अक्षर बघा: २०१४साठी ‘ई’ आणि २०१५साठी ‘एफ’. आमच्या गाडीवर ‘एफ’ होते, डोळ्यांसमोर, सगळा वेळ.

पैसे कसे दिले, हेही सांगायला हवे. गाडी आणि शुल्काचे १६,२३५ डॉलर बँकेच्या कॅशियर चेकने दिले. जोडणीच्या ४,२७५पैकी १,००० डॉलर क्रेडिट कार्डाने दिल्यावर तो म्हणाला की उरलेली रक्कम फोनवरून थेट खात्यात पाठवलीत तर कार्डाचे तीन टक्के वाचतील. म्हणजे ९८ डॉलर २५ सेंट वाचवण्यासाठी मी ३,२७५ डॉलर अशा मार्गाने पाठवले, जिथून ते परत येत नाहीत. कार्डाचे १,००० डॉलर मिळाले, कारण बिलाचे विवरण आल्यापासून ६० दिवसांच्या आत मी लेखी हरकत घेतली. ही मुदत लक्षात ठेवा आणि असा विक्रेता ‘कार्ड नको’ म्हणाला की तिथूनच परत फिरा.

तीन आठवड्यांनी आम्ही निघालो. अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफ सोडून आय-४० महामार्गाने पूर्वेकडे जाताना वेग मी ताशी ६० मैलांच्या वर नेला नाही आणि निघण्यापूर्वी ती तीन मिनिटांची रीत घड्याळ लावून पाळली. सुमारे ९० मैलांवर होलब्रुकला थांबलो, तेव्हा मागच्या गाडीजवळ जळक्या तेलाचा उग्र वास येत होता. टो बार सोडून इंजिन सुरू केले आणि ‘डी’ टाकला. इंजिन ओरडले, गाडी हलली नाही. फ्लॅटबेड ट्रकवर घालून ती गॅरेजपर्यंत नेण्याचे ६१२ डॉलर आणि तपासणीचे १४५ डॉलर झाले. मेकॅनिकने व्हीआयएनवर एक नजर टाकली आणि विचारले, “२०१५ची गाडी तुम्ही चाकांवर ओढत आणलीत?” नव्या गिअरबॉक्सचा अंदाज त्याने ६,८४० डॉलर दिला.

त्यानंतर त्याने बंपरखाली टॉर्च धरून जे दाखवले, त्याने मला गाडी बिघडल्यापेक्षा जास्त हादरा बसला. टो बार तुटून गाडी सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जो ब्रेकअवे स्विच बसवतात, तो बसवलेला होता, त्याची दोरीही होती. पण त्याच्या दोन तारा मागे प्लॅस्टिकच्या पट्टीने एकत्र आवळून सोडून दिल्या होत्या आणि त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. साडेतीन हजार पौंडांची गाडी उतारावर सुटली असती तर मागून येणाऱ्या कुटुंबाचे काय झाले असते, या विचाराने मला अजूनही रात्री जाग येते. कोणाकडूनही जोडणी करून घेतली असेल तर पैसे देण्यापूर्वी ती दोरी स्वतः ओढा आणि गाडी ढकलून चाके खरोखर अडतात का ते बघा.

मग सुरू झाले खेटे. विक्रेता म्हणाला की गाडी ‘आहे तशी’ अटीवर विकली आहे. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार जुन्या गाडीवर जी खरेदीदाराची सूचना लावावी लागते, ती मागच्या काचेवर होती आणि तोंडी आश्वासने अमलात आणणे कठीण असते, ती लेखी घ्या, असे तिच्यावर छापलेलेही होते. त्याने एकही शब्द लेखी दिला नव्हता. जे बोलणे झाले ते फोनवर किंवा समोरासमोर. जाहिरात तोवर काढून टाकली होती आणि मी तिचे छायाचित्र घेतले नव्हते. तुम्ही पहिल्या दिवशीच घ्या. विकत घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करता येते, असे मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितले. विक्रेत्याच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला संघराज्याचा तो नियम लागू होत नाही.

पोलिसांनी ही दिवाणी बाब आहे असे सांगून दहा मिनिटांत बाहेर काढले. विक्रेत्यांना परवाने देणाऱ्या कार्यालयाने मला दोन वेळा रांगेत उभे करून शेवटी कळवले की मालकीच्या कागदावर २०१५ हे वर्ष बरोबर नोंदलेले आहे, सबब लेखी दिशाभूल आढळत नाही. म्हणजे ज्या कागदाच्या आधारे मला फसवले, तोच कागद त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरला! राज्याच्या ग्राहक संरक्षण कार्यालयाला मी कापलेल्या झेरॉक्सची छायाचित्रे, मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि न जोडलेल्या तारांचे फोटो असा ३१ पानांचा अर्ज पाठवला. त्यांनी तो विक्रेत्याकडे पाठवला, त्याचे दोन ओळींचे उत्तर मला पाठवले आणि ७४ दिवसांनी प्रकरण बंद केले. त्या तारांमुळे रस्त्यावरची माणसे मरू शकतात, हे मी ठळक अक्षरांत लिहिले होते. त्याविषयी उत्तरात एक अक्षर नव्हते. बँक म्हणाली की पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणून ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. संघराज्याच्या एका संस्थेने तक्रार नोंदवून घेतली आणि वैयक्तिक प्रकरणे आम्ही सोडवत नाही असे त्याच पत्रात कळवले. वकिलाने ३,००० डॉलर आगाऊ मागितले आणि आमच्या राज्यातल्या लघुवाद न्यायालयाची मर्यादा आमच्या नुकसानीपेक्षा कमी आहे. प्रत्येक खिडकीवरचा माणूस सभ्य होता, प्रत्येकाने सहानुभूती दाखवली आणि प्रत्येकाने पुढच्या खिडकीचा पत्ता दिला. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर दंडाची नोटीस बिनचूक येते. इथे मात्र कोणाच्याच अधिकारात काही बसत नाही.

माझ्या निष्काळजीपणाचा वाटा मी नाकारत नाही, पण अर्धसत्यांची इतकी काळजीपूर्वक रचलेली माळ पाहून कोणता सरळ माणूस सावध राहिला असता, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे. लेबल खरे, रीत खरी, पानांवरचा मजकूर खरा. फक्त ते सगळे दुसऱ्या गाडीचे होते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानासमोरून गेलो. ‘२०१४ बिल्ट, टो करण्यास तयार’ अशी पाटी लावलेली चंदेरी रंगाची एक सीआर-व्ही दर्शनी भागात उभी होती आणि तिच्या पुढे बेस प्लेटचे दोन हूक चमकत होते. मी गाडीतून उतरलो, काचेतून व्हीआयएनचा फोटो घेतला आणि दहावे अक्षर दोनदा तपासले. ते ‘एफ’ होते. फोटो मी त्याच संध्याकाळी परवाने देणाऱ्या कार्यालयाला पाठवला आहे. अजून पोच आलेली नाही आणि काल संध्याकाळपर्यंत ती गाडी तिथेच उभी होती.