३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च: सात महिने रोज वापरल्यावर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियम कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, भेगा तपासायला ही यूव्ही (अतिनील) टॉर्च सात महिने रोज चालली. एक १८६५० आकाराचा चार्ज होणारा सेल, पुढे काळ्या काचेचा फिल्टर. घ्यावी, असंच मत आहे. मात्र ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चवर हे काम निघत नाही.

पेनिट्रंट म्हणजे भेगेत शिरणारा, चमकणाऱ्या रंगाचा द्रव. त्यातला रंग अतिनील प्रकाश शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली जास्त तरंगलांबीचा हिरवट-पिवळा प्रकाश होऊन बाहेर पडते. तरंगलांबीतला हा फरक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडला. ३९५ ची टॉर्च स्वतःच जांभळा उजेड टाकते आणि केसाएवढी भेग त्यात हरवते. ३६५ च्या एलईडीतूनही थोडा दिसणारा उजेड निसटतो, तो ही काळी काच अडवते. म्हणून घेताना वॅटआधी काच बघा.

टॉर्च लावण्याआधीच निम्मा निकाल ठरलेला असतो. कास्टिंगवरचं तेल काढा, पूर्ण वाळवा. पेनिट्रंट लावून २० मिनिटं थांबा. मग कमी दाबाच्या पाण्यानं, फवारा तिरका धरून, टॉर्च समोर ठेवूनच धुवा. पृष्ठभागावरची चमक गेली की लगेच थांबायचं. जास्त धुतलं तर भेगेतला रंगही वाहून जातो आणि खराब माल पास होतो, ही सगळ्यात महाग चूक. कमी धुतलं तर वाळूचा खरबरीत पृष्ठभाग सगळाच हिरवा दिसतो. कोमट हवेनं वाळवून कोरड्या डेव्हलपरचा, म्हणजे भेगेतला रंग वर ओढणाऱ्या पावडरीचा, पातळ थर द्या, १० मिनिटांनी बघा.

बेळगावच्या पावसाळ्यात भेगेत ओल राहते आणि पेनिट्रंट आत शिरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आधीचं वाळवणं दुप्पट वेळ करा. शॉट ब्लास्टिंग (बारीक धातूच्या गोळ्यांचा मारा) झालेल्या मालात भेगेचं तोंड धातूनं चेपून बंद होतं, म्हणून तपासणी ब्लास्टिंगच्या आधी. निळी चमकणारी रेघ दिसली तर ती बहुतेक कॉटन वेस्टचा धागा असतो. भेगेची चमक हिरवट-पिवळीच.

तक्रार दोनच. झोत अरुंद आहे, मोठ्या हाउसिंगवर हात फिरवून दमायला होतं. आणि सेल उतरला की तीव्रता गुपचूप घटते, डोळ्यांना कळतही नाही. शिफ्ट सुरू होताना यूव्हीची तीव्रता मोजणारा मीटर लावा: ३८ सेंटीमीटरवर किमान १००० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर हवेत, खोलीतला उजेड २० लक्सच्या आत. अंधारात शिरल्यावर निदान एक मिनिट डोळे स्थिरावू द्या. उन्हात काळा होणारा चष्मा इथे घालू नका, यूव्हीनं त्याच्या काचा गडद होतात. यूव्ही अडवणारा साधा पारदर्शक गॉगल बरा.

काउंटरवर नोटा तपासायलाही ही चालते. खऱ्या नोटेचा नंबर आणि बारीक तंतू चमकतात, कागद काळपट राहतो. पण खिशात राहून साबणाच्या पावडरीत धुतली गेलेली खरी नोटही निळी चमकते, पावडरीतल्या उजळवणाऱ्या द्रव्यामुळे. तेवढ्यावरून गिऱ्हाईकाला खोटं पाडू नका.