जुना संगणक: विंडोज १० वरच राहावे, ११ वर जावे की लिनक्स बसवावे?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, आणि तेव्हापासून सांगलीत माझ्या ओळखीच्या तीन ठिकाणांहून एकच विचारणा झाली: चालत्या संगणकाला हात लावायचा की नाही? पहिला संगणक मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवरचा, दुसरा गावभागातील छपाईच्या दुकानातला आणि तिसरा विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचा. तिन्ही २०१४ ते २०१८ या काळात घेतलेले आणि तिन्हींवर विंडोज १०. तरीही तिघांना मी तीन वेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांमागचा हिशेब अशाच पेचात असलेल्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

सपोर्ट संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही, फायली जात नाहीत आणि टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर कालच्यासारखेच उघडते. मात्र खाली सांगितलेली मुदतवाढ घेतली नाही, तर यापुढे विंडोज १० मध्ये जी नवी भगदाडे सापडतील, ती बुजवली जाणार नाहीत. याचे गांभीर्य ज्यांना पटत नाही त्यांनी मे २०१७ मधील वॉनाक्राय आठवावा. त्या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीतून शिरकाव केला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या, आणि ज्या विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता तिच्यासाठी कंपनीला अपवाद म्हणून तातडीचे अपडेट काढावे लागले. दुसरी अडचण सावकाश येते, ती ब्राउझरची. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमची नवी आवृत्ती तिच्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत मिळत राहिली. म्हणजे विंडोज १० वर बँकेचे संकेतस्थळ उद्याच उघडणे थांबेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दुकानदाराने दाखवलेली ही भीती नवे यंत्र खपवण्यापुरतीच खरी असते.

आहे तेथेच राहायचे असेल तर वर्षभराची मुदतवाढ मिळते. घरगुती वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करावे लागते आणि सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. त्याच खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास पैसे पडत नाहीत. तसे नको असेल तर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर मोजावे लागतात. एका खात्यावर १० संगणक नोंदवता येतात. मात्र या काळात नवी वैशिष्ट्ये मिळत नाहीत, आणि ही सवलत व्यवसायासाठी नाही. व्यावसायिक संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर आहे, म्हणजे तीन वर्षांचे एका यंत्रामागे ४२७ डॉलर होतात. आठ वर्षांच्या यंत्रावर इतका खर्च करावा असे मला वाटत नाही.

विंडोज ११ ची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे आपल्या इच्छेआधी यंत्राची पात्रता पाहिली जाते. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा आणि एएमडी असल्यास रायझन २००० मालिकेपासून पुढचा. शिवाय टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूटची सोय (यंत्र सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. पिढी ओळखणे सोपे आहे: आय-५ ७४०० मधील पहिला ७ सातवी पिढी सांगतो, आय-३ ८१०० मधील ८ आठवी, आणि आय-५ १०४०० मध्ये पहिले दोन अंक मिळून दहावी. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे छोटे सॉफ्टवेअर हे सारे तपासून देते. ते ‘टीपीएम नाही’ असे म्हणाले म्हणून लगेच निराश होऊ नये. अनेक यंत्रांत ती सोय बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते, इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने ती सापडते. पिढीच कमी असेल तर मात्र बायोसमध्ये कितीही शोधून उपयोग नाही. रॅमचा ४ जीबी हा आकडा कागदापुरता आहे. त्यावर विंडोज ११ चालू होते, पण टॅली, क्रोम आणि व्हॉट्सअॅप एकत्र उघडले की दिवाणजी माऊस आपटू लागतात. ८ जीबीपेक्षा कमी असेल तर अपग्रेडचा विचार करू नये.

अडत पेढीचा संगणक आय-३ ८१०० चा, म्हणजे पात्र होता, पण खोच निराळ्याच जागी निघाली. पूर्वी कोणीतरी त्यावर मुद्दाम ३२-बिट विंडोज १० बसवले होते, कारण शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढण्याचा जुना प्रोग्राम डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला होता, आणि असे १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. त्यामुळे तेथे वरच्या वर अपग्रेड होत नाही, फॉर्मॅट मारूनच नवे बसवावे लागते. पेढीने नवी वर्षे टॅलीत घेतली होती आणि जुना प्रोग्राम केवळ मागचा हिशेब पाहण्यापुरता उरला होता, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या यंत्रावर डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून पाहिला आणि जुन्या पट्ट्या उघडल्या. ज्यांचा रोजचा व्यवहारच अशा प्रोग्रामवर आहे, त्यांनी आधी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर छपाईसकट पूर्ण चाचणी घ्यावी. डॉसबॉक्समध्ये पडद्यावर दिसणे आणि डॉट मॅट्रिक्सवर पट्टी नीट उमटणे यांत बराच फरक आहे.

वेळ कोणती निवडावी, हेही पेढीच्या बाबतीत तितकेच महत्त्वाचे होते. हळदीचे सौदे जोरात असताना किंवा मार्चअखेर यंत्र उघडून बसणे म्हणजे स्वतःहून अंगावर ओढवून घेतलेली आफत. आवक मंदावते त्या पावसाळ्यात ११ नव्याने बसवण्याचे हे काम करावे असे ठरले, आणि बॅकअपच्या दोन प्रती ठेवण्याचा माझा आग्रह होता: एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी मालकांच्या घरी वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना फॉर्मॅट मारावे लागत नाही, त्यांच्यासाठी एक सोय आहे: वरच्या वर अपग्रेड केल्यावर पहिले १० दिवस सेटिंग्जमधील रिकव्हरीतून परत विंडोज १० वर जाता येते. त्या १० दिवसांत प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन एकदा तरी वापरून पाहावे.

येथे एक सावधगिरी, जी अपग्रेडइतकीच महत्त्वाची आहे. नव्याने बसवलेले विंडोज ११ होम सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट खाते मागते, आणि दुरुस्तीला आलेला मुलगा घाईत स्वतःचेच खाते टाकून मोकळा होतो. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत बहुतेक यंत्रांवर डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणे) आपोआप चालू होते आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. पुढे कधी बायोस बदलले किंवा बोर्डावर काम झाले आणि यंत्राने की मागितली, तर ती अशा माणसाच्या खात्यात असते जो तोपर्यंत पुण्याला नोकरीला गेलेला असतो. खाते मालकाच्या नावाचे, मालकाच्याच मोबाईल क्रमांकावरचे असावे आणि की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

अपात्र यंत्रावर जबरदस्तीने ११ बसवून देणारे सांगलीत बरेच आहेत. रुफससारख्या साधनाने अटी वगळून विंडोज बसवण्याचा पेनड्राईव्ह तयार होतो आणि यंत्र चालूही लागते, म्हणून ग्राहकाला वाटते की मायक्रोसॉफ्टने उगाच अडवले होते. परंतु अशा यंत्रांना अपडेट मिळतच राहतील याची हमी कंपनी देत नाही, वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, आणि काही जुन्या प्रोसेसरांवर तर २४एच२ सुरूच होत नाही. घरी प्रयोग म्हणून हे ठीक आहे. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचे पैसे आणि हिशेब आहेत तेथे मी ते करणार नाही.

छपाईच्या दुकानातले यंत्र चौथ्या पिढीचे होते, म्हणजे ११ साठी अपात्रच. पण पात्र असते तरी मी घाई केली नसती. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचे सारे जुने काम युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर मराठी सारखीच दिसण्याची आजची पद्धत), पानांची मांडणी करणारा पेजमेकर जुना आहे आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालते. तो डोंगल नव्या विंडोजवर ओळखला जाईल याची खात्री विक्रेत्याकडून मिळेपर्यंत अपग्रेड म्हणजे जुन्या फायलींशी जुगार. त्यांना मी विंडोज १० तसेच ठेवून त्या यंत्राचे इंटरनेट काढून टाकण्यास सांगितले. ग्राहकांच्या फायली दुसऱ्या स्वस्त, अपडेट असलेल्या यंत्रावर घ्याव्यात, तेथे तपासाव्यात आणि मग पेनड्राईव्हने आत आणाव्यात. हे गैरसोयीचे आहे, आणि पेनड्राईव्हही निर्धोक नसतो. पण उघड्या इंटरनेटवर निकामी कुलूप लावून बसण्यापेक्षा धोका बराच कमी. नवे काम युनिकोडमध्ये करण्याचा आग्रह मात्र मी धरला, कारण डोंगल कधीतरी जाणारच.

विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स या मोफत कार्यप्रणालीविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत: एक गट त्याला सर्व दुखण्यांवरचे औषध मानतो, दुसरा नाव काढताच हात झटकतो. विश्रामबागेतल्या बाईंच्या संगणकावर मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक सोपा प्रकार सुचवला, कारण त्यांचे काम बँक, ई-मेल, युट्यूब आणि मराठीत चार पाने लिहिणे एवढेच आहे. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ती सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर सहज चालते, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवरही कुरकुर करत नाही. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक बसवता येतो, लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी नीट दिसते. सर्वांत मोठा लाभ हा की काहीही पुसण्याआधी पेनड्राईव्हवरून मिंट सुरू करून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर पाहता येतो. विंडोज ११ मध्ये अशी तयार सोय मिळत नाही.

पण हाच सल्ला मी पेढीला दिला नाही. टॅली विंडोजसाठीच बनवलेली आहे. वाईन या लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती चालवण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा मार्केट यार्डातल्या माणसाला झोप महत्त्वाची असते. जीएसटीचे पोर्टल आणि ई-वे बिल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, आणि एकट्या मालकीच्या पेढीला विवरणपत्र मोबाईलवरच्या ओटीपीने भरता येते. परंतु कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर डिजिटल सही लागते, आणि तिचे यूएसबी टोकन लिनक्सवर चालवणे हे दरवेळी नवे कोडे ठरते. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे लिनक्सवरील ड्रायव्हरही असेच चिवट आहेत.

पैशांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. ज्या यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क आहे, त्याला आधी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. बाईंच्या यंत्राचा सगळा ‘म्हातारपणा’ त्या डिस्कमध्येच होता, आणि मिंट असो वा विंडोज, हा खर्च कोणत्याही मार्गाने वाया जात नाही. जुनी डिस्क लगेच पुसू नये, ती खोक्यात ठेवली की आपसूक पूर्ण बॅकअप होतो. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस चढू लागले, तेव्हा ती वाढवण्याआधी दोन दुकानांत विचारावे. नवे यंत्र घ्यायचे ठरले तर ते यासाठी घ्यावे की जुन्याचा बोर्ड किंवा पॉवर सप्लाय खरोखर दगा देऊ लागला आहे.

बाईंनी आठवडाभर पेनड्राईव्हवरूनच मिंट वापरले. बँक उघडली, प्रिंटर पहिल्या दिवशी रुसला आणि दुसऱ्या दिवशी चालला. मग त्यांनी विचारले की हे फुकट कसे, आणि उत्तर ऐकण्याआधीच नव्या एसएसडीवर मिंट बसवायला सांगितले.