ट्रॉली ओढायला ऑटोमॅटिक डिझेल पिकअप : हायलक्स, व्ही-क्रॉस आणि अमेरिकेतले मोठे ट्रक

"ऑटोमॅटिक गाडी लोड ओढत नाही, घाटात बसते" हे पुण्यात कुठल्याही गॅरेजला गेलं की ऐकायला मिळतं, आणि अजूनही लोक ते ऐकून वीस-पंचवीस लाखांची गाडी मॅन्युअल घेतात आणि मग सीझनभर क्लचप्लेटवर खर्च करत बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचा जनसेट (जनरेटर) भाड्याने द्यायचा धंदा आहे, हडपसरला. लग्नाची लॉन्स, गणपतीतले मंडप, वाईकडची शूटिंगं अशी कामं. ६२.५ केव्हीएचा सायलेंट जनसेट ट्रॉलीवर बसवला की सगळं मिळून दोन टनांच्या आसपास वजन मागे असतं. आमच्याकडे इसुझू व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक आहे, मेहुण्याकडे टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिक आहे, आणि दोन्ही गाड्या ट्रॉली लावून खंबाटकीला, दिवे घाटात, मुळशीकडे भरपूर चालवून झाल्यात. गाडी रिकामी चालवून केलेले रिव्ह्यू ढीगभर आहेत, पण त्यातून ट्रॉलीवाल्याच्या हाती काहीच लागत नाही.

आधी आकड्यांचं बघू, कारण सगळा खेळ तिथेच कळतो. हायलक्स आपल्याकडे २०२२ ला आली, फॉर्च्युनरचंच २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस. आता गंमत बघा, मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. इंजिन तेच, डिझेल तेच, तरी ८० चा फरक. का? गियरबॉक्स जेवढा टॉर्क सहन करतो तेवढाच कंपनी इंजिनातून सोडते. स्कॉर्पिओ-एन च्या वरच्या डिझेल व्हेरियंटला पण तसंच आहे, मॅन्युअल ३७० आणि ऑटोमॅटिक ४००. म्हणजे कंपनीच्या इंजिनियरने स्वतःच सांगून ठेवलंय की जास्त दम ऑटोमॅटिकवर टाका, आणि आपण कट्ट्यावर बसून उलटं बोलतोय. गाडी घेताना ब्रोशरमधली ही एक ओळ आधी वाचा, मॅन्युअलचा टॉर्क किती आणि ऑटोमॅटिकचा किती.

व्ही-क्रॉसला तसा फरक नाही. १.९ लिटरचं इंजिन, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, दोन्ही गियरबॉक्सला सारखंच. दोन्ही गाड्यांचे ऑटोमॅटिक सहा गियरचे, दोन्ही टॉर्क कन्व्हर्टरवाले, आणि दोन्ही मुळात जपानच्या आयसिन या गियरबॉक्स कंपनीचेच. तरी ट्रॉली लावल्यावर स्वभाव वेगळा आहे, तो आता सांगतो.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये क्लचप्लेटऐवजी ऑईल असतं, इंजिनच्या बाजूचा पंखा ऑईल फेकतो आणि त्या ऑईलच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. उभ्या गाडीतून निघताना या फेकाफेकीत टॉर्क वाढून चाकाला मिळतो, म्हणून चढावर ट्रॉलीसकट निघताना ऑटोमॅटिक जे निघते ना, तिथे मॅन्युअलवाल्याचा क्लच जळायचा वास येतो. शनिवारी सकाळी खंबाटकीत ट्रॅफिक तुंबलेलं असतं, दर पन्नास फुटाला थांबा आणि परत निघा, मागे दोन टन, मागच्याने बंपरला बंपर लावलेला, अशा वेळी डावा पाय मोकळा असणं ही चैन नाही, सेफ्टी आहे. एएमटी मात्र या कामाला अजिबात नको, तिच्यात क्लचप्लेट मॅन्युअलवालीच असते, फक्त पायाऐवजी मशीन दाबतं, चढावर सरकत सरकत चाललं की जळणार ती जळणारच.

पण कन्व्हर्टरचा दुसरा भाग लोकांना माहीत नसतो. ऑईल घसरतं तेव्हा उष्णता तयार होते, आणि ऑटोमॅटिकला मारते ती उष्णताच. म्हणून आत लॉक-अप क्लच असतो, स्पीड जमला की तो दोन्ही पंखे जोडून टाकतो आणि घसरणं बंद. ट्रॉली ओढायला गियरबॉक्स चांगला की वाईट हे माझ्या मते यावरूनच ठरतं, की चढावर लॉक-अप किती लवकर लागतो आणि लागलेला किती टिकतो. गियर सहा आहेत का दहा हा नंतरचा प्रश्न.

इथे हायलक्स पुढे आहे, सरळ सांगतो. ५०० चा टॉर्क खालीच मिळतो त्यामुळे खंबाटकीच्या चढाला ती तिसऱ्या-चौथ्या गियरला लॉक होऊन शांत चढत राहते, आरपीएमचा काटा हलत नाही. व्ही-क्रॉस पण चढते, कुठेही बसत नाही, पण तिला तोच चढ चढायला एक गियर खाली यावं लागतं, आणि डी मध्ये ठेवली तर वळण आलं, पाय उचलला की वरचा गियर टाकते, परत पाय दिला की खालचा. हा खालीवर खेळ सुरू झाला की लॉक-अप दर वेळी सुटतो आणि ऑईल तापतं. उपाय साधा आहे, घाट सुरू व्हायच्या आधी मॅन्युअल मोडला घ्या आणि तिसऱ्याला धरून ठेवा, इंजिन थोडं ओरडेल, ओरडू दे. आमच्या ड्रायव्हरला सुरुवातीला हे पटत नव्हतं, म्हणायचा "दादा, डिझेल जाईल", मग त्याला ऑईलचं टेंपरेचर दाखवलं तेव्हा पटलं.

टेंपरेचर बघायला एक छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावा, मोबाईलवर दिसतं. साधारण ८० ते ९५ अंशांच्या मध्ये असेल तर निवांत चालवा. ११० च्या वर जायला लागलं की गियर खाली घ्या आणि स्पीड कमी करा, १२० च्या पुढे मात्र ऑईलचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, तेव्हा जागा बघून थांबा, न्यूट्रल किंवा पार्कला टाकून इंजिन चालू ठेवा म्हणजे ऑईल कूलरमधून फिरत राहतं. लगेच इंजिन बंद करू नका. आणि "लाइफटाइम ऑईल आहे, बदलायची गरज नाही" असं कोणी सांगितलं तर ट्रॉली ओढणाऱ्याने ते मनावर घेऊ नये, आम्ही ४० हजार किलोमीटरला बदलतो, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, खर्च होतो पण गियरबॉक्स उघडण्याच्या मानाने काहीच नाही.

आता उतार, आणि इथे मी जास्त बोलणार आहे कारण पुण्यात राहून यावर बोललं नाही तर काय उपयोग. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहितीये. किती अपघात झाले तिथे, किती लोक गेले. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडतात, ब्रेक तापतात, मग ब्रेक लागतच नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये पण हीच चूक होऊ शकते, डी मध्ये सोडून दिली तर गाडी वरच्या गियरला जाते आणि इंजिनचा ब्रेक मिळतच नाही, सगळा भार पायाच्या ब्रेकवर. हायलक्सला एस मध्ये (तिचा मॅन्युअल मोड) टाकून तिसऱ्याला आणली की छान धरते. व्ही-क्रॉसला इंजिन लहान असल्यामुळे इंजिनाची पकड कमी आहे, तिला त्याच उतारावर दुसऱ्यापर्यंत आणावं लागतं. दोन्हीत एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा) नाही, आणि डिझेलला पेट्रोलसारखं बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, आवळून मिळणारं इंजिन ब्रेकिंग मुळातच कमी असतं, त्यामुळे ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच. ऑस्ट्रेलियात याच हायलक्सला ब्रेकवाली ट्रॉली ३५०० किलोपर्यंत चालते आणि बिनब्रेकची फक्त ७५०. हा फरक डोक्यात ठेवा. आपल्याकडच्या गाडीला तिकडचा आकडा लावू नका, गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय ते पाळा, आणि गाडीची, ट्रॉलीची नोंदणी, दिवे, इन्शुरन्स सगळं आधी आरटीओत नीट करून घ्या.

हायलक्सचं वाईट काय तर किंमत, आणि रिकामी असताना मागून उडते. व्ही-क्रॉस काही लाखांनी स्वस्त पडते, शहरात हलकी वाटते, आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये पण ऑटोमॅटिक मिळते, हायलक्स फोर बाय फोरच आहे. दोन्ही सव्वापाच मीटरच्या पुढे लांब, त्यामुळे पेठांमध्ये ट्रॉली घेऊन शिरायचा विचारच सोडा.

आता अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकचं. माझा आतेभाऊ टेक्सासला असतो, त्याचा घोड्यांच्या ट्रेलरचा विषय, त्याला ट्रक घ्यायचा होता आणि आमच्या फोनवर खूप चर्चा झाल्या. तिकडचे आकडे ऐकून आपण गार पडतो. फोर्डच्या हाय आउटपुट डिझेलला १२०० पाउंड-फूट, म्हणजे १६०० न्यूटन मीटरच्या वर, हायलक्सच्या तिप्पट. आणि एवढ्या टॉर्कच्या पिकअपमध्ये तिकडे मॅन्युअल मिळतच नाही, रॅम या तिकडच्या ट्रक कंपनीने शेवटपर्यंत ठेवला होता, तोही २०१८ च्या मॉडेलनंतर बंद. ऑटोमॅटिक लोड ओढत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं एक लक्षात घ्यावं.

तिथेही गियरबॉक्सच टॉर्क ठरवतो. रॅमच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनला (हो, आपल्या कोथरूडवाल्यांच्या ओळखीचं तेच कमिन्स) बरीच वर्षं दोन सहा गियरवाले ऑटोमॅटिक होते, एक त्यांचा स्वतःचा ६८आरएफई आणि दुसरा आयसिनचा. ६८आरएफई वाल्याला ८५० पाउंड-फूट आणि आयसिनवाल्याला १०७५. परत तेच, इंजिन एक आणि गियरबॉक्सप्रमाणे दम वेगळा. जुना रॅम ट्रेलरसाठी घ्यायचा असेल तर आयसिनवालाच घ्यावा, शिफ्ट थोडे कडक आणि सावकाश आहेत पण पहिल्या गियरचं प्रमाण ३.७५ (आकडा जेवढा मोठा तेवढा जोर जास्त), निघताना जोर मिळतो. २०२५ पासून रॅमने दोन्ही काढून झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गियरवाला टाकलाय.

जीएमचं (जनरल मोटर्स) नाव ऑलिसन या गियरबॉक्सवर चालतं. २००१ ला पाच गियरचा ऑलिसन १००० आला, २००६ ला सहा झाले, आणि २०२० ला दहा. सहावाल्याची कीर्ती अजून आहे आणि ती खरी आहे, जुना ड्युरामॅक्स (जीएमचं डिझेल इंजिन) घेणारे ऑलिसन बघूनच घेतात. दहावाला जीएमनेच बनवलाय, नाव ऑलिसनचं आहे, त्यामुळे जुन्याची पुण्याई आपोआप नव्याला लावू नये, तो स्वतःच्या गुणांवर बघावा. फोर्डचा दहा गियरवाला पण २०२० लाच आला, पहिला गियर ४.६ च्या आसपास, म्हणजे जड ट्रेलर घेऊन चढावर निघायला एकदम जोरदार, आणि वरचे गियर जवळजवळ असल्यामुळे इंजिन आपल्या दमाच्या पट्ट्यातून बाहेर पडत नाही. तिन्ही कंपन्यांना एक्झॉस्ट ब्रेक आणि टो-हॉल मोड आहे, बटण दाबलं की चढावर गियर धरून ठेवतो आणि उतारावर ब्रेकला पाय लावला की स्वतःच खालचा गियर टाकतो. जे काम आपण घाटात हाताने करतो तेच. मला विचाराल तर नव्यात फोर्ड, आणि जुन्यात सहा गियरचा ऑलिसन. आतेभावाने फोर्ड घेतला, खूश आहे.

आपल्याकडच्यांसाठी माझं मत असं. आठवड्यातून तीन-चारदा घाट आणि मागे दीड टनाच्या वर असेल तर हायलक्स ऑटोमॅटिक, पैसे जास्त जातील पण गियरबॉक्स आरामात काम करतो. महिन्यातून एखाद-दोनदा घाट, बाकी चाकण, हिंजवडी, जवळपासचं काम, ट्रॉली टनभराची, तर व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक पुरेशी आहे, फक्त ड्रायव्हरला मॅन्युअल मोडची सवय लावा. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाल्याकडून ट्रॉली लावून मिळणार नाही, तेव्हा निदान मागे चार माणसं आणि हौद्यात सामान घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात चढून या, चढावर मध्येच थांबून परत निघा, आणि उतरताना ब्रेक न लावता फक्त गियरवर गाडी किती धरते ते बघा.