जांभळी ऑक्झॅलिस: चौदा महिने सांभाळल्यानंतर

एका मैत्रिणीनं कागदाच्या पुडीत सात कंद दिले होते. करंगळीच्या पेराएवढे, खवल्याखवल्यांचे, गुलाबीसर. लावताना कुठली बाजू वर हेही कळेना, म्हणून आडवेच ठेवले आणि वर दोनेक सेंटिमीटर माती पसरली. त्यानं काही बिघडलं नाही, कोंब आपला वाट काढतो. अडीच आठवड्यांत पहिलं पान आलं. येताना ते मिटलेल्या छत्रीसारखं असतं, देठाची मान वाकलेली. मग देठ सरळ होतो आणि तीन त्रिकोणी पर्णिका उघडतात. रंग गर्द जांभळा, प्रत्येक पर्णिकेच्या मधोमध फिकट जांभळा डाग. कोवळं पान उन्हाच्या तिरिपेत धरलं की तो डाग आतून उजळल्यासारखा दिसतो.

आपल्या ओळखीच्या आंबुशीचीच ही बहीण. चिमुकल्या पिवळ्या फुलांची आंबुशी बिया उडवून सगळ्या कुंड्यांत पसरते. ही मात्र मुळात ब्राझील आणि आसपासच्या देशांतली, माझ्याकडे तरी दिलेल्या कुंडीतच राहिली. आंबटपणा दोघींत सारखाच, ऑक्झॅलिक आम्लाचा. त्यामुळे घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवावी.

फुलं दोन महिन्यांनी आली. पानांच्या वर उंच, नाजूक दांड्यावर फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांच्या फुलांचा झुबका. एकेक फूल फार टिकत नाही, पण झुबक्यात कळ्या पुष्कळ असल्यानं कुंडी कित्येक आठवडे फुललेली राहते. तरी खरं सांगायचं तर मी फुलांपेक्षा पानांच्याच प्रेमात पडले. संध्याकाळी प्रकाश उतरला की तिन्ही पर्णिका मधल्या शिरेवर दुमडून खाली झुकतात, जणू फुलपाखरांचा थवा पंख मिटून बसलाय. पर्णिका जिथे देठाला जुळतात तिथे एक बारीकशी फुगीर गाठ असते. तिच्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त होतं आणि पान हलतं. डार्विननं १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ऑक्झॅलिसवरचे प्रयोगही आहेत. टाचून उघडी ठेवलेली पानं गारठ्याच्या रात्री मिटलेल्या पानांपेक्षा जास्त पोळतात, असं त्याला आढळलं होतं. हे वाचल्यापासून रात्री कुंडीजवळचा दिवा मी मुद्दाम बंद करते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सातव्या महिन्यात झाड पिवळं पडायला लागलं. आधी कडेची पानं लोळली, मग दहा-बारा दिवसांत निम्मी कुंडी सुकली. पाणी कमी पडलं असं समजून मी रोज पाणी घातलं. इथेच चुकलं. उष्णता वाढली किंवा बरेच महिने वाढ झाली, की हे झाड सगळी पानं टाकून कंदात निजतं. पानं नसली की पाणी ओढून घ्यायला कुणी नसतं, आणि माती ओलीच राहते. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा कुबट वास आला. बरेच कंद बोटानं दाबले की पचकन फुटत होते. एका कंदाखाली मात्र छोट्या मुळ्यासारखं पांढुरकं, जवळजवळ पारदर्शक मूळ होतं, पाण्यानं टच्च भरलेलं. झाडानं स्वतःची पाण्याची सोय आधीच करून ठेवली होती. माझ्या रोजच्या तांब्याची त्याला गरजच नव्हती.

घट्ट राहिलेले नऊ कंद निवडले, दोन दिवस सावलीत सुकवले आणि नव्या मातीत लावले: निम्मं कोकोपीट, बाकी बागेची माती, जाडसर वाळू आणि मूठभर गांडूळखत. कुंडी अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवली. पाच आठवडे पाण्याचा थेंब नाही. मग उजेडात आणून एकदा भरपूर पाणी दिलं. बाराव्या दिवशी जांभळी टोकं दिसली आणि मला अक्षरशः भरून आलं.

एरवी लाड फारसे लागत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन किंवा खिडकीतला भरपूर उजेड हवा. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, अंधारात देठ लांबून लोळतात. वरची माती कोरडी झाली की पाणी द्यायचं, बशीत साचू द्यायचं नाही. हवा कोरडी असताना एकदा लाल कोळी ही बारीक कीड झाली. पानांच्या मागे बारीक जाळी, पानं फिकट. औषध न मारता सगळी पानं बुडापासून कापली आणि तीन आठवड्यांत नवी आली. असं बिनधास्त कापता येणारी झाडं माझ्याकडे दुसरी नाहीत.

एकच तक्रार. देठ फार नाजूक. कुंडी वाऱ्यात ठेवली किंवा येता-जाता धक्का लागला की वाकतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

परवा कुंडी बदलताना मोजले तर चोवीस कंद निघाले. दहा शेजारच्या काकूंना दिले आणि पुडीवर पेननं लिहिलं, ‘सगळं सुकलं तरी टाकू नका, पाणी थांबवा.’