सार्वजनिक निवृत्तिवेतन : चाळीस वर्षे हप्ते भरून घेतलेल्या सेवेचे परीक्षण

कोणत्याही सेवेबद्दल मत द्यायचे तर ती आधी वापरून पाहावी लागते. निवृत्तिवेतनाची अडचण अशी की हप्ता आज कापला जातो, लाभ तीस-चाळीस वर्षांनी मिळतो आणि सेवा पसंत पडली नाही, तर तोवर दुसरी निवडण्याचे वय निघून गेलेले असते. म्हणून या सेवेला गुण देताना मी एकच कसोटी लावली आहे : पुढे पैसे कमी पडणार असतील, तर ते सभासदाला किती आधी आणि किती स्पष्ट सांगितले जाते?

ही कसोटी सुचली ती नात्यातल्या एका बाईंच्या पत्रकावरून. निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना त्यांनी ते मला वाचायला दिले. एकच पान होते. मधोमध ठळक अक्षरांत मासिक रकमेचा एक आकडा होता आणि त्यांनी त्याखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. तो आकडा आजच्या किमतींनुसार आहे की सहा वर्षांनंतरच्या, हे कुठेही लिहिलेले नव्हते. तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रचलित नियमांनुसार’ एवढे दोनच शब्द होते. मी संबंधित कार्यालयात दोनदा पत्र पाठवले आणि दोन्ही वेळा उत्तर म्हणून तेच पान पुन्हा आले. ज्या आकड्यावर एक माणूस आपले म्हातारपण बेतत आहे, त्याचा अर्थ सांगायला कोणी बांधील नसावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

या सेवेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की आपली वर्गणी आपल्याच नावाने कुठेतरी साठत असते. बहुतेक देशांत आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना पैसे दिले जातात आणि शिल्लक राहिली, तर ती राखीव निधीत जाते. अमेरिकेत मासिक निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश १९४० च्या जानेवारीत आयडा मे फुलर यांना मिळाला, तो २२.५४ डॉलरचा होता. त्यांनी तीन वर्षांत भरलेली एकूण वर्गणी २४.७५ डॉलर होती आणि १९७५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्या वारल्या तोपर्यंत त्यांना २२,८८८.९२ डॉलर मिळाले. कमावणारे हात भरपूर आणि घेणारे थोडे होते, म्हणूनच हे जमले. १९६० मध्ये तेथे एका लाभार्थ्यामागे पाच कमावते होते. आता तीनही नाहीत. माणसे अधिक जगतात ही आनंदाचीच गोष्ट आहे, परंतु त्याच वेळी जननदर घटला की हिशेबाच्या दोन्ही बाजू एकदम बिघडतात.

तरीही ‘निधी संपणार, म्हणजे आपल्याला काहीच मिळणार नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि हताश होऊन तो मनात धरणारे तरुण मला सतत भेटतात. अमेरिकेच्या निवृत्तिवेतन योजनेच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार वृद्धांसाठीचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल. त्यानंतरही वर्गणी येतच राहणार असल्याने ठरलेल्या लाभाच्या ७७ टक्के रक्कम देता येईल. शंभराच्या जागी सत्त्याहत्तर म्हणजे शून्य नव्हे, पण ज्याचे घरभाडे आणि औषधे त्याच शंभरात बसवलेली आहेत, त्याच्यासाठी उरलेले तेवीस म्हणजे दुखणे अंगावर काढणे होय. वृद्ध आणि अपंग यांच्या निधींचा एकत्र हिशेब केला, तर पुढच्या पंचाहत्तर वर्षांची तूट लगेच भरून काढण्यासाठी वेतनाच्या १२.४ टक्के असलेला वर्गणीचा दर सुमारे ३.६५ टक्के-बिंदूंनी वाढवून १६.०५ टक्क्यांवर न्यावा लागेल. २०३४ पर्यंत थांबल्यास हीच वाढ ४.२७ टक्के-बिंदूंची होते. हा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो, त्यात काहीही लपवलेले नसते, म्हणून माहितीच्या बाबतीत मी या योजनेला पुरते गुण देईन. पण १९८३ नंतर तेथे एवढी मोठी दुरुस्ती झालेली नाही, आणि इतका स्वच्छ अहवाल हातात असूनही निर्णय टाळणे मला अक्षम्य वाटते.

कॅनडाने याच दुखण्यावर वेळेत इलाज केला. त्यांच्या योजनेचा निधी २०१५ च्या सुमारास संपेल असा इशारा १९९५ मध्ये मिळाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच तोडगा निघाला. सुमारे सहा टक्के असलेला वर्गणीचा दर २००३ पर्यंत टप्प्याटप्प्याने ९.९ टक्क्यांवर नेला गेला आणि निधीच्या गुंतवणुकीसाठी सरकारपासून वेगळे मंडळ नेमले गेले. वर्गणी वाढणे कोणालाच आवडत नाही. पण तिथल्या सभासदाला वीस वर्षे आधी कळले आणि भार विभागला गेला.

स्वीडनची रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते, जरी ती सर्वांत सुखाची नाही. देणी मालमत्तेपेक्षा वाढली की निवृत्तिवेतनातील वाढ आपोआप रोखणारा ब्रेक तेथे कायद्यातच आहे. तो २०१० मध्ये पहिल्यांदा लागला आणि वृद्धांच्या हाती येणारे आकडे खरोखर खाली आले. जपाननेही वर्गणीचा दर १८.३ टक्क्यांवर थांबवून लाभ हळूहळू आवळण्याचे सूत्र २००४ मध्ये स्वीकारले. अशा सूत्रांत गरीब वृद्धांसाठी किमान रकमेची हमी भक्कम नसेल, तर सगळा भार नेमका त्यांच्यावर पडतो. निवृत्तीचे वय सरसकट वाढवण्याबद्दलही माझा आक्षेप हाच आहे : टेबलावर काम करणाऱ्याची आणि ओझी वाहणाऱ्याची पासष्टी सारखी नसते.

मात्र स्वीडनमध्ये १९९९ पासून सभासदाला दरवर्षी नारिंगी पाकिटातून जे पत्रक पाठवले जाऊ लागले, ते प्रत्येक योजनेने उचलावे असे आहे. आतापर्यंत किती हक्क जमा झाला आणि कोणत्या वयात थांबल्यास महिन्याला किती मिळू शकेल, हे त्यात शेजारी शेजारी दिसते.

त्या बाईंसाठी मी शेवटी वहीच्या पानावर तसाच तक्ता आखून दिला : साठ, बासष्ट आणि पासष्ट या वयांसाठी, आजच्या किमतींत, आणि प्रत्येक आकड्याच्या खाली लाभात पाव कपात झाली तर उरणारी रक्कम. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, पेन्सिल घेतली आणि या वेळी रेघ खालच्या आकड्याखाली ओढली.